गंगावनाचा जिग

कोणतंही काम हातावेगळं झालं की अण्णा दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवायचे, क्षणभर त्यांच्याकडं बघायचे आणि म्हणायचे, "झालं. आता त्याचं नशीब."

फाईल साहेबांकडं गेली की हेच. पाहुणे एस.टी.त बसले की हेच. एकदा कचेरीत चहाच्या बशीत मुंगी पडली होती. अण्णांनी कागदाचा कोपरा फाडला, त्यावर तिला चढवून घेतलं, खिडकीच्या चौकटीवर नेऊन ठेवलं आणि परत येऊन टेबलावर हात टेकले. "झालं. आता तिचं नशीब." चहा तोपर्यंत निवला होता. तो त्यांनी तसाच प्यायला.

ते आमच्या कचेरीत अव्वल कारकून होते आणि मी त्यांच्या हाताखाली. सगळे त्यांना अण्णाच म्हणायचे. आडनावानं हाक मारायचे ते फक्त वरचे साहेब आणि तक्रार घेऊन आलेली माणसं. अण्णा मात्र सगळ्यांना अहो-जाहो करत, शिपायालासुद्धा. मी वयानं त्यांच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, तरी शेवटपर्यंत "अहो साळवे"च राहिलो.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. खुर्चीवर टॉवेल, खिशात दोन पेनं, डब्यात पोळी आणि फोडणीचं वरण. सुटीच्या दिवशी काय करत असतील, असा प्रश्नसुद्धा ज्यांच्याबद्दल कुणाला पडत नाही, त्यातले अण्णा. मलाही कधी पडला नव्हता. हेच अण्णा पुढं घरच्या घरी मासे धरायचे जिग बांधायला शिकतील, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. कारण अण्णांच्या सात पिढ्यांत कुणी मासा खाल्ला नव्हता, आणि अंडं ज्या दुकानात मिळतं तिथून त्यांच्या घरी साखरही येत नसे.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी अण्णांच्या हाताला कंप सुरू झाला. आधी सही वाकडी यायला लागली, मग बशी वाजायला लागली. कचेरीत कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांचे डोळे तिकडं जायचे आणि अण्णांना ते कळायचं. त्यांनी चहा सोडला. "पित्त होतं," म्हणाले. निरोप समारंभाला पाणी प्यायला ग्लास पुढं केला, तर म्हणाले, "आत्ता नको." हार गळ्यात असताना दोन्ही हात त्यांनी पँटच्या खिशात घातलेले होते. तो फोटो आमच्याकडं अजून आहे.

निवृत्तीनंतर ते घराबाहेर पडेनासे झाले. मी उस्मानपुऱ्यातच राहतो, त्यांच्या दोन गल्ल्या पलीकडं. एकदा दूध आणायला गेलो असताना काकू भेटल्या. काकू म्हणजे अण्णांच्या बायको, ठेंगण्या, चटपटीत, बोलायला सडेतोड. म्हणाल्या, "तुमचे अण्णा दिवसभर खिडकीशी बसून असतात. फिरायला जा म्हटलं तर गुडघे दुखतात म्हणतात. गुडघ्याला काही झालेलं नाही. तुम्ही कुठं तरी न्या त्यांना."

मी तरी कुठं नेणार? देवळात मी जात नाही आणि व्याख्यानाला मला झोप येते. रविवारी सकाळी गळ घेऊन तलावावर जाणं, एवढाच माझा शौक. माझं लहानपण पैठणकडच्या एका गावात गोदेच्या काठावर गेलं. बाप गेल्यावर आई आम्हाला घेऊन शहरात आली, तेव्हा गाव सुटलं, गळ सुटला नाही. वेरूळच्या अलीकडं, रस्त्यापासून जरा आत एक पाझर तलाव आहे. त्याचा ठेका ज्याच्याकडं आहे तो माझ्या ओळखीचा. गळवाल्यांना तो अडवत नाही.

"मासे धरायला जातो मी," असं मी चाचरत सांगितलं. काकूंनी पदर सावरला, थोडा विचार केला.

"जागा चांगली आहे का?"

"जागा चांगली आहे."

"मग न्या. धरू नका म्हणावं, नुसतं बसा."

अण्णा आले. स्कूटरवर माझ्या मागं बसून, हात माझ्या खांद्यावर. तो हात माझ्या खांद्यावर सारखा थरथरत होता. तलावावर बाभळीखाली मी सतरंजी अंथरली. सकाळचं ऊन पाण्यावर आलं होतं, पलीकडं बगळे उभे होते. अण्णांचा चेहरा मोकळा झाला. मी डबीतून गांडूळ काढलं आणि गळाला टोचायला लागलो.

"साळवे," अण्णा म्हणाले, "हे नको."

"अहो, याच्याशिवाय मासा कसा येणार?"

"मासा आला तर येऊ द्या. त्याला खायचं होतं म्हणून तो आला. पण हे बिचारं जमिनीतलं. याचा काय संबंध?"

मी थांबलो. मरळ माशासाठी काही लोक जिवंत बेडकी गळाला लावतात, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्या दिवशी मी गांडूळ मातीत सोडून दिलं आणि आम्ही नुसते बसलो. घरी येऊन आईला ही हकीकत सांगितली, तर ती हातातलं भाकरीचं पीठ तसंच ठेवून हसायला लागली. "गांडुळाची दया आली व्हय? मंग मासा काय वरण-भातावर यील?"

पण अण्णांच्या डोक्यात तो किडा शिरला होता. पुढच्याच आठवड्यात त्यांचा फोन. "साळवे, खोटा किडा करता येतो. याला जिग म्हणतात. मी मोबाईलवर बघितलं."

मी संध्याकाळी गेलो. अण्णा बाल्कनीत मोबाईल भिंतीला टेकवून बसले होते. पडद्यावर एक गोरा माणूस आपल्या गॅरेजमध्ये गळाला केस आणि पिसं बांधत होता. आवाज बंद होता. "इंग्रजी समजत नाही असं नाही," अण्णा म्हणाले, "पण मला त्याचा हात बघायचाय, गप्पा नाही ऐकायच्या." गळाच्या डोळ्यापाशी, म्हणजे दोरी ओवायच्या छिद्रापाशी, शिशाची गोळी, तिच्यामागं दांडीवर केसांचा किंवा पिसांचा झुपका, आणि वरून दोऱ्याचे घट्ट वेढे. पाण्यात टाकून काठीला हलके झटके दिले की तो झुपका फुलतो, मिटतो आणि माशाला वाटतं काहीतरी जिवंत चाललंय. एवढंच ते प्रकरण. आणि गंमत म्हणजे, जे हात अण्णांनी वर्षभर खिशात ठेवले होते, त्याच हातांनी त्यांना हे सगळं करायचं होतं.

मी मनात म्हटलं, हे काही जमणार नाही. तोंडानं म्हणालो, "करून बघू."

गळ धरायला छोटा शिकंजा लागतो. तो शोधत आम्ही शहागंजात एका घड्याळवाल्याकडं गेलो. घड्याळवाले चाचा डोळ्याला भिंग लावून बसलेले. अण्णांनी शिकंजा मागितला.

"घड़ी का काम करते क्या साब?"

"नाही, मासे धरायला पाहिजे."

चाचांनी भिंग काढलं. अण्णांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मच्छी को टैम देखना रहता क्या?"

अण्णा हसले. निवृत्तीनंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. चाचांनी जुना, पण घट्ट बसणारा शिकंजा दिला आणि वर चहा मागवला. अण्णांनी तो घेतला नाही.

मग बाल्कनीत आमचं शिक्षण सुरू झालं. दोघांनाही काहीच येत नव्हतं. जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या मी आणल्या. पकडीनं त्या गळाच्या दांडीवर दाबायच्या. माझ्या गोळ्या निसटायच्या. अण्णांचा दोरा निसटायचा. वेढे देत देत शेवटापर्यंत यायचे, गाठ मारायच्या वेळी हाताला झटका बसायचा आणि सगळा दोरा उलगडून मांडीवर. ते दोऱ्याचं टोक पुन्हा हुडकत.

झुपक्यासाठी पिसं लागतात. मी कोंबडीवाल्याकडून पांढरी पिसं आणली, आईनं ती शाम्पूनं धुऊन वाळवून दिली. पिशवी घेऊन मी अण्णांच्या दारात उभा राहिलो, तर काकू समोर.

"यात काय आहे?"

मी सांगितलं.

"साळवे, तुम्ही घरातले आहात, तुम्ही या. पिसं उंबऱ्याच्या आत येणार नाहीत."

पिसं माघारी गेली. मग अण्णांनी दाढीच्या ब्रशाचे केस कापून बघितले. ते पाण्यात काठीसारखे ताठ उभे राहत. स्वेटरची लोकर बघितली, ती भिजून गोळा होई. अशा एका लोकरीच्या जिगकडं बघून आई म्हणाली होती, "ही तर चहाच्या गाळणीतली घाण हाय. मरळ काय येडी हाय व्हय?"

आणि एका रविवारी मी गेलो तर शिकंज्यात एक वेगळीच वस्तू. काळेभोर, लांब, मऊ केस, शिशाच्या गोळीमागं नीट बसवलेले, लाल दोऱ्याचे वेढे, वरून नेलपॉलिशचा हात. अण्णांनी तो बादलीत सोडला. केस पाण्यात उमलले. मी हात लावून खेचून बघितला, गाठ हलली नाही.

"अण्णा, हे केस कुठले?"

त्यांनी आवाज उतरवला. "गंगावन."

काकूंचं लग्नातलं गंगावन. पूर्वी बायका केसांत घालून वेणी लांब करत, ते. जुन्या पेटीत पडून होतं. अण्णांनी त्याच्या टोकाची एक बट कापली होती.

"काकूंना विचारलंत?"

"विचारतो," अण्णा म्हणाले.

त्यांनी विचारलं नाही. आणि मी मूर्खासारखा, काकू चहा घेऊन आल्यावर म्हणालो, "काकू, तुमच्या गंगावनाचा जिग झकास झालाय."

काकूंनी ट्रे खाली ठेवला. जिगकडं बघितलं. आत गेल्या, पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि बाहेर आल्या त्या हातात गंगावन घेऊन. चिडल्या असतील असं मला वाटलं होतं. त्या चिडलेल्या नव्हत्या.

"कापलंत त्याचं काही नाही," त्या अण्णांना म्हणाल्या. "मी आता काय ते घालणार आहे? पण हात थरथरतो हे मला शेजारणीकडून कळलं. डॉक्टरकडं जाऊन आलात हे मेडिकलवाल्याकडून कळलं. आणि आता हे साळव्यांच्या तोंडून कळतंय. मी या घरात राहते ना?"

मी उठून जायला लागलो तर काकू म्हणाल्या, "बसा. चहा घ्या." मी चहा घेतला. तेवढा वेळ कुणी कुणाकडं बघत नव्हतं. शेवटी अण्णाच बोलले, खाली मान घालून.

"तुला भीती वाटेल म्हणून सांगितलं नाही."

"मला नाही वाटत भीती. तुम्हाला वाटते. मग दोघं मिळून घाबरलो असतो."

डॉक्टर काय म्हणाले ते अण्णांनी तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. हा कंप जिवाला धोका करणारा नाही, पण पूर्ण जाणारही नाही. गोळ्यांनी थोडा कमी राहील. बोटांना काम देत राहा. एवढंच ते प्रकरण होतं, आणि तेवढ्यासाठी अण्णा वर्षभर खिडकीशी बसले होते. काकूंनी ऐकून घेतलं, रिकामे कप उचलले आणि आत गेल्या. मला वाटलं, आता हे सगळं बंद होणार. शिकंजा माळ्यावर जाणार.

पुढच्या रविवारी मी भीतभीतच गेलो. बाल्कनीत दोन खुर्च्यांऐवजी तीन होत्या. अण्णा वेढे देत होते आणि दोऱ्याचं ताणलेलं टोक काकूंच्या चिमटीत होतं. अण्णांचा हात हलला तरी दोरा ढिला पडत नव्हता, कारण दुसरं टोक हलत नव्हतं. गाठीची वेळ आली की काकू टोक खाली घेत, अण्णा त्यावरून फास टाकत आणि काकू ओढत. मला बघून त्या म्हणाल्या, "मी मासा बांधत नाहीये, दोरा बांधतेय. आधीच सांगून ठेवते."

"कबूल," मी म्हणालो.

पिसांवरची बंदी मात्र उठली नाही. काकूंनी त्याऐवजी गंगावनच दिलं, सगळं. आणि एकदा हात घातल्यावर त्यांचं डोकं चालायला लागलं. राखीपौर्णिमेच्या राख्यांमधली सोनेरी जर त्यांनी सोडवून ठेवली आणि काळ्या केसांत दोन-दोन तारा घालायला लावल्या. अण्णांचा एक जिग हिरव्या दोऱ्याचा होता. काकूंनी तो लांब धरून बघितला आणि म्हणाल्या, "हा नाही उठून दिसत. लाल घ्या." मासा तो रंग बघतो का, असं अण्णांनी विचारलं. "बघत नसेल तर कुठलाही घ्या," काकू म्हणाल्या, "पण लाल घ्या."

एक अट त्यांनी घातली. गळाच्या टोकापाशी जो उलटा काटा असतो, मासा निसटू नये म्हणून, तो पकडीनं दाबून सपाट करायचा. "तुम्ही खाणार नाही. मग तो आला काय नि गेला काय. जाताना त्याचं तोंड फाटायला नको." मी माझ्या गळांबद्दल काही बोललो नाही. त्यांनीही माझ्याकडं बघितलं नाही. घरी आई वाट बघत असते, हे त्यांना माहीत होतं.

थंडीचे दिवस सुरू झाल्यावर आम्ही ते जिग घेऊन तलावावर गेलो. पाणी नितळ होतं. मी अण्णांना काठी दिली, टाकायची कशी ते दाखवलं. पहिल्या दोन-चार वेळा जिग बाभळीत गेला. मग पडला एकदा बरोबर, कडेच्या पाणगवताच्या शेजारी.

"आता काठीला बारीक झटके द्यायचे," मी म्हणालो. "फार नाही. शेंडा नुसता थरथरला पाहिजे."

हे बोलून गेलो आणि माझी जीभ चावली. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग काठीच्या शेंड्याकडं बघितलं. ते काहीच करत नव्हते, दोन्ही हातांनी काठी धरून फक्त बसले होते, आणि शेंडा आपोआप थरथरत होता. बारीक, सारखा, मध्येच एखादा झटका घेऊन पुन्हा बारीक. मी इतकी वर्षं मनगट दुखेपर्यंत जे करायला बघतो, ते. नितळ पाण्यात खाली तो काळा झुपका फुलत होता, मिटत होता, आत जर चमकत होती.

"असं?" अण्णांनी विचारलं.

"असंच," मी म्हणालो. "अगदी असंच."

बराच वेळ गेला. मी माझा जिग टाकला होता, त्याला कुणी विचारलं नाही. अण्णा नेहमीसारखे शांत बसले होते. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "साळवे, कुणीतरी धरलंय."

काठी वाकली. पाणगवताशी पाणी उसळलं आणि हातभर लांबीची मरळ पाठ दाखवून खाली गेली. मी काठी घ्यायला हात पुढं केला, तर अण्णा म्हणाले, "राहू द्या." मी राहू दिलं. ती खेचायची तेव्हा ते दोरी सोडायचे, ती थांबली की गुंडाळायचे. चेहऱ्यावर कचेरीतली अवघड फाईल वाचतानाचे भाव. दोरी सैल पडली असती तर काटा दाबलेला तो गळ क्षणात सुटला असता. सुटला नाही. हळूहळू ती कडेला आली आणि मी खाली उतरून तिला ओल्या हातांनी धरलं.

अण्णा माझ्याशेजारी चिखलात गुडघे टेकून बसले. काळसर अंग, पोटाकडं फिकट, सापासारखं डोकं. जबड्याच्या कडेला गंगावनाचा झुपका. अण्णांनी बोट पुढं केलं, मागं घेतलं, पुन्हा पुढं केलं आणि तिच्या पाठीवर ठेवलं.

"गार आहे हो," ते म्हणाले.

गळ नुसता बोटानं उलटा केला तर निघून आला. मी म्हणालो, मरळ पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरते, घाई नाही, फोटो काढू. "नको," अण्णा म्हणाले, "तिला तिकडं काम असेल." त्यांनी दोन्ही हात पाण्यात घातले. मी मरळ त्यांच्या हातांत दिली. क्षणभर ती तशीच राहिली, कल्ले हलवत. मग शेपटी मारून गेली. अण्णांचा शर्ट भिजला, चष्म्यावर पाणी उडालं. त्यांनी ओले तळहात गुडघ्यांवर पालथे ठेवले आणि म्हणाले, "झालं. आता तिचं नशीब."

परत येताना खुलताबादच्या रस्त्यावर एका टपरीवर ते आपणहून थांबा म्हणाले. दोन चहा सांगितले. टपरीवाल्याला म्हणाले, "मला अर्धाच कप द्या. हात हलतो, सांडतो." अगदी सहज, साखर कमी म्हणावं तसं. बाकावर आणखी दोघं-तिघं बसले होते. कुणी वर बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतरची काही वर्षं फार चांगली गेली. रविवारी सकाळी तलाव, नाही तर बाल्कनी. अण्णा कचेरीत जुन्या लोकांना भेटायला यायला लागले. हात खिशाबाहेर असायचे. बाल्कनीच्या गजांना वाळत घातलेले जिग खालून दिसायचे आणि नव्या भाडेकरूंना ती कसली तरी तोरणं वाटायची. मलाही अखेर बरे जिग बांधता यायला लागले, पण माझ्या जिगला मरळी अण्णांइतक्या कधी आल्या नाहीत. मी धरलेली मी घरी न्यायचो, त्यांनी धरलेली पाण्यात जायची. आई दर वेळी विचारायची, "बामनानं किती सोडल्या?" मी आकडा सांगितला की तिला मनापासून वाईट वाटायचं. पण डबा मात्र ती तीन माणसांचा द्यायची. पिठलं, भाकरी, मिरचीचा ठेचा. अण्णा ठेच्यानं डोळ्यांतून पाणी काढायचे आणि पुन्हा मागायचे. एका संक्रांतीला काकू तिळगूळ घेऊन माझ्या घरी आल्या, स्वयंपाकघरात आईशेजारी पाटावर बसल्या. चुलीवर त्या दिवशी मासा नव्हता. आईनं मुद्दाम केला नव्हता.

मग एका थंडीत अण्णांच्या छातीत कफ झाला. दवाखान्यात थोडे दिवस काढले, घरी परत आले, बरे वाटतायत असं म्हणेपर्यंत एका सकाळी गेले. फार त्रास झाला नाही. मी खांदा दिला. तेव्हा रडू आलं नाही. नंतर एकदा कचेरीत कुणीतरी बशी वाजवली तेव्हा आलं.

मी तलावावर जाणं सोडलं नव्हतं, पण एकट्यानं मन लागत नसे. उन्हाळा सुरू व्हायच्या बेतात होता, तेव्हा काकूंचा फोन आला.

"साळवे, तुम्ही जाता का अजून तिकडं?"

"जातो की."

"मला न्याल एकदा? एवढी वर्षं ऐकत आले. बघितली नाही जागा."

मी मेव्हण्याची गाडी मागून घेतली. काकू पुढं बसल्या, मांडीवर पाण्याची बाटली. तलाव बराच आटला होता. बाभळीपासून पाणी लांब गेलं होतं, म्हणून आम्ही मोकळ्या झालेल्या दगडांवरून खाली उतरलो. मी हात धरला होता. अण्णा बसायचे ती जागा मी दाखवली. ती त्यांनी वरूनच बघितली. तिथं बसायला गेल्या नाहीत. पाण्यालगतच्या एका सपाट दगडावर बसल्या.

"गळ टाका तुम्ही. माझ्यासाठी थांबू नका," त्या म्हणाल्या.

"आज नको."

थोड्या वेळानं त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, लुगड्याचा काठ जरा वर घेतला आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले. पाणी उथळ होतं, तळाची वाळू दिसत होती. कुठून तरी बोटाच्या पेराएवढी पिल्लं आली. आधी दोन, मग झुंडीनं. काकूंच्या पायांभोवती घुटमळली आणि भेगाळलेल्या टाचांना तोंडं लावायला लागली.

पाय काढून घेतील म्हणून मी हात द्यायला उठलो. काकू नको म्हणाल्या. त्या खाली वाकून बघत होत्या, श्वाससुद्धा हळू घेत होत्या.

"गुदगुल्या करतात हो ही," त्या म्हणाल्या.

मग त्या हसायला लागल्या. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांच्या कडा पुसत. पाय मात्र त्यांनी जराही हलवले नाहीत. मी मागं जाऊन एका दगडावर बसलो. ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही तिथंच होतो.